विमान परत येईपर्यंत

भावजी,

तुम्ही कसे गेलात, असं जो तो विचारतो. मी सांगते, "बसले आणि गेले." बाहेरगावच्या माणसाला वाटतं, म्हातारीला नीट सांगता येत नाही. आपल्या गल्लीतली माणसं मात्र पुढे काही विचारत नाहीत. तुम्ही, त्यांचे पायलट, बाकड्यावर बसलात, म्हणजे घरातलं शेवटचं माणूस आत आलं, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

तुमच्यामागे मी पहिल्यांदा बाजारात गेले ती मंगळवारी. वांगी घेतली, कोथिंबीर घेतली, कोथिंबीरवालीशी भांडलेसुद्धा, आणि मनात म्हटलं, बघा, जमतंय की. मग आपल्या कोपऱ्यावर वळले आणि सवयीनं पिशवी डाव्या हातात घेतली. तुम्ही पायरी उतरून पिशवी घ्यायला यायचात ते नेहमी माझ्या डाव्या बाजूनं. ओटा रिकामा होता. बाकडं जागच्या जागी, खांब जागच्या जागी. मी माझ्याच दारात परक्या बाईसारखी उभी राहिले. कुणीतरी "आलात?" म्हणेल आणि मग आत जायचं, इतकी वर्षं हेच चाललं होतं. कुणी म्हटलं नाही. कुलूप मीच काढलं.

सदा तुमच्या तेराव्यालाच म्हणाला होता, "आई, आता इथं तुझं कोण आहे? मी रविवारी परत येतो. घराला कुलूप लावू आणि नाशिकला जाऊ." ज्याला तुम्ही खांद्यावर बसवून गणपती दाखवलेत तो हा माझा मुलगा आता जावईमाणसासारखा हुकूम सोडतो. त्याचं चुकलं असं नाही. इथं तुझं कोण आहे, याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. तुम्ही असताना माझ्याजवळ कुठल्या प्रश्नाला उत्तर नाही, असं कधी झालं होतं का?

त्या रविवारचं शेवटी सांगते. आधी आपलं भांडण मिटवू. ते तुम्ही अर्धवट टाकून गेलात.

भांडणाचं मूळ आपल्या गावच्या, राहनाळच्या विहिरीवर आहे. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा तिकडे इंग्रजांची मोठी लढाई पेटलेली आणि तुम्ही विमानदलात. तुम्हांला मी पाहिलंही नव्हतं. सासूबाई सांगायच्या, "धाकला इमानांच्या कारखान्यात हाय, तिकडं बंगालच्या दर्याकाठी." एवढीच माझी माहिती. पण विहिरीवर शेजारची सून रोज सांगायची की तिचा दीर रेल्वेत तिकिटं तपासतो, त्याला काळा कोट आहे, पितळेची बटणं आहेत. किती दिवस ऐकून घ्यायचं?

"आमचे भावजी विमान चालवतात," मी म्हटलं.

"एकटेच?"

"एकटेच. समुद्रावरून जातात, समुद्रावरून येतात."

"आनि रातचं झोपतात कुठं?"

"मध्ये पाण्यावर उतरतात. बदकासारखे. दम खातात, मग पुढे."

भावजी, ती पोरगी आज मला भेटली तर मी तिच्या पाठीत एक धपाटा घालीन. अक्कल चिमूटभर आणि तोंड घागरीएवढं! पण काळ्या कोटवाली त्या दिवशी गप्प बसली, हे मात्र खरं. आठवलं की अजून बरं वाटतं.

मग तुम्ही रजेवर आलात. वेशीवर हलगी, झेंडूचे हार, पोराटोरांची झुंबड. तुमच्या हातात पत्र्याची ट्रंक आणि चेहऱ्यावर काहीच कळत नसल्याचा भाव. पाटील पुढे झाले. "काय पायलट, इमान कुठं ठेवलंत?"

मी दाराआड पदराचं टोक दातांत धरून उभी. तुम्ही पाटलांकडे पाहिलंत, लोकांकडे पाहिलंत, मग दाराकडे. तिथे जे काही दिसलं त्यावरून तुम्हांला सगळं समजलं.

"ठेवलंय नीट," तुम्ही म्हणालात.

आणि घरात आल्यावर, पाय धुता धुता, मान वर न करता, "वहिनी, पुढच्या वेळी मला आधी कळवत जा. टोपी तरी घालून येईन."

तेव्हापासून तुम्ही पायलट झालात. राहनाळला पायलट, भिवंडीत पायलट, मागाच्या कारखान्यात मागांची दुरुस्ती बघणारे जॉबर असतानाही पायलट चाचा. तुम्ही विमान चालवलं नाहीत, विमान तयार करून उभं करणारे फिटर होतात, हे घरातल्यांखेरीज कुणालाही कळलं नाही, आणि तुम्ही कधी सांगितलंही नाहीत.

मला मात्र सगळं सांगितलंत. मी भाकऱ्या थापत असायची आणि तुम्ही चुलीपाशी बसून बोलायचात. तुमच्या त्या लढाऊ विमानाला एकच इंजिन, आत एकच माणूस, खाली तासन् तास नुसतं पाणी. पेट्रोल पुरावं म्हणून पोटाखाली एक जादा टाकी बांधायची, ते तुमचं काम. आधी त्या टाकीतलं पेट्रोल वापरायचं आणि ती रिकामी झाली की समुद्रात सोडून द्यायची.

"फेकून देतात?" मी भाकरी तव्यावर तशीच ठेवून विचारलं होतं. "अहो, चांगली टाकी! चार मण भात राहिला असता तिच्यात!"

भाकरी करपली. तुम्ही हसत हसत तीच खाल्लीत.

टाकी बदलताना इंजिन क्षणभर खोकतं आणि त्या क्षणात माणसाला घरातले सगळे देव आठवतात, हे तुम्ही सांगितलंत. बरोबर अर्ध्या वाटेवर एक जागा येते, तिथवर परत फिरता येतं, त्यापुढे नाही, हेही. आणि सगळ्यांत विचित्र ते आवाजाचं. किनारा दिसत असतो तोवर इंजिन छान चालतं. किनारा दिसेनासा झाला की पायलटला त्यात नाही नाही ते आवाज ऐकू यायला लागतात. काहीतरी सैल झालंय, काहीतरी घासतंय. परत आला की म्हणायचा, इंजिन खोला. तुम्ही खोलायचात. काही नसायचं.

"मग त्याला ऐकू काय यायचं?"

"एकटेपण, वहिनी," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, असं कुठं असतं होय, एकटेपणाला काय आवाज असतो? आणि दुसरी भाकरी थापायला घेतली.

लढाई संपली. आमच्या यांनी, तुमच्या भावांनी, शेती चुलत्यांकडे सोपवली आणि आपण भिवंडीत, निजामपुऱ्याजवळच्या या गल्लीत आलो. इथे आल्या आल्या तुम्ही खोक्याच्या फळ्या मिळवून हे बाकडं केलंत. मला वाटलं, चला, ओट्यावर बसायची सोय झाली. सोय झाली ती इतरांची. घरातलं कुणी बाहेर असलं की तुम्ही बाकड्याशेजारी खांबाला हात लावून उभे. सदा शाळेतून येईपर्यंत उभे, तुमचे भाऊ पाळीवरून येईपर्यंत उभे, मी बाजारातून येईपर्यंत उभे. मग "आलात?" म्हणायचं आणि बसायचं. पुढे पुढे पलीकडच्या फातमाआपाच्या घरातली माणसंही तुम्ही मोजायला लागलात.

आपा तिच्या दारातून ओरडायची, "पायलट, पैर हैं के खंबे? बैठ जा रे बाबा! तुझी वहिनी समुद्रात नाय गेली, मच्छी मार्केटात गेली हाय!"

"मच्छीपण समुद्रातूनच येते, आपा," तुम्ही म्हणायचात आणि उभेच.

मला याचा राग यायचा. सगळी गल्ली बघते, माझ्या दिराला घरात बसायला जागा नाही की काय? म्हणून एकदा मी काय केलं, ते तुम्हांला ठाऊक आहे, तरी सांगते. बाजारातून येताना मागच्या बोळातून आपाच्या घरात शिरले आणि खिडकीच्या फटीतून तुमच्यावर नजर ठेवून बसले. बघू तरी कधी बसतात! तुम्ही भार या पायावरून त्या पायावर. मी आपाच्या बरणीतली नानखटाई खात.

आपा म्हणाली, "जा गो आता. गुनाह लागेल."

"थांब गं. आणखी एक खाते."

थोड्या वेळानं तुम्ही आपाच्या दारात आलात. मला भिंतीआडून ऐकू येत होतं. "आपा, वहिनींच्या चपला तुमच्या मागच्या दारी दिसल्या. त्यांना सांगा, सावकाश येऊ दे. किनाऱ्याला लागल्यात, एवढं कळलं, पुरे." आणि परत जाऊन खांबापाशी उभे राहिलात! तोंडाला नानखटाईचा भुगा लागलेला तसाच घेऊन मला गुपचूप घरी यावं लागलं. सूनबाईला दिवस गेलेले, मी आजी व्हायच्या बेतात, आणि अकलेनं अजून विहिरीवरच.

त्या दिवशी आपलं खरं भांडण झालं.

"उभं राहिल्यानं माणूस लवकर येतो का?" मी विचारलं.

"नाही."

"वाटेतली संकटं टळतात?"

"नाही."

"मग कशाला पाय मोडून घेता?"

तेव्हा तुम्ही सांगितलंत. पायलट बसतो ती गादी नसते, घडी घातलेली रबरी होडी असते. समुद्रात पडलाच तर उपयोगी यावी म्हणून तिच्यावरच बसवतात. चार चार, पाच पाच तास तो तसाच, पाय पसरायला जागा नाही. परत येतो तेव्हा त्याचे पाय मेलेले असतात. स्वतःचा स्वतः उतरू शकत नाही. पंखावर चढून, बगलेत हात घालून त्याला उतरवावं लागतं. तो टेकला की लगेच.

"तो इतका वेळ बसून दमलेला असतो, वहिनी. त्याला घ्यायला उभं माणूस लागतं. आमच्यात रीतच होती, आपलं विमान बाहेर असेल तर फिटरनं बसायचं नाही."

"पण मी तर चालत येते. पायांनी. माझे पाय कुठे मेलेत?"

तुम्ही नुसतं माझ्याकडे पाहिलंत. त्याच वर्षी तुमचे भाऊ गेले होते. मी विषय बदलला, पण हरले असं काही म्हटलं नाही. नोंद घ्या.

मग ती बांगलादेशच्या लढाईच्या वेळची संध्याकाळ. काचांना खाकी कागद चिकटवलेले, दिवा लावायचा नाही, रेडिओ हळू. सदा सुट्टीवर आलेला, सूनबाई आत पोराला भरवत होती, आपाच्याही घरातले सगळे घरात. तरी तुम्ही ओट्यावर उभे. मी बाहेर आले.

"आता कोण बाहेर आहे हो? आपल्या घरातले तर सगळे घरात आहेत."

"आपल्या घरातले आहेत," तुम्ही म्हणालात.

पश्चिमेकडे, समुद्राच्या बाजूला, आभाळात लांबवर घरघर होती. तुम्ही तिकडे तोंड करून उभे होतात. त्या दिवशी पहिल्यांदा तुम्ही मला त्या कूर्गच्या पोराबद्दल सांगितलंत. तुमच्या विमानाचा पायलट, सदाहून लहानच. तुम्हांला भाई म्हणायचा. तुम्ही टाकी बांधलीत, त्यानं अंगठा वर केला आणि तो समुद्रावर गेला. बरोबरची सगळी विमानं आली, त्याचं आलं नाही. त्याच्याकडे किती पेट्रोल आहे हे तुम्हांलाच सगळ्यांत चांगलं माहीत. ते संपायची वेळ आली आणि गेली. कुणीतरी अधिकारी येऊन म्हणाला, जा, जेवून घे.

"मग किती वेळ उभे राहिलात?" मी विचारलं.

तुम्ही उत्तर दिलं नाहीत. आपलं भांडण अर्धवट राहिलं ते इथे.

मला एकदम विहीर आठवली. म्हटलं, "भावजी, आणि मी तुम्हांला पायलट करून ठेवलं. सगळी भिवंडी तुम्हांला त्याच नावानं हाक मारते. मी उद्या सगळ्यांना खरं सांगते."

"नका सांगू," तुम्ही घाईघाईनं म्हणालात. असे घाईनं तुम्ही कधी बोलत नव्हतात. "त्याला हाक मारणारं तिकडे कुणी उरलंय की नाही, मला माहीत नाही. इथे रोज कुणी ना कुणी मारतं. मी आपला त्याच्या वतीनं ओ देतो."

भावजी, माझ्या थापेचं तुम्ही हे केलंत. मी ती टिकलीसारखी कपाळाला लावून मिरवली होती, आणि तुम्ही तिचा देव्हारा केलात. त्यानंतर मी तुम्हांला थँक्यू म्हणायचं, की माफ करा म्हणायचं, ठरेना. चहा केला. आपल्या घरात जे बोलायचं राहून जातं त्याचा चहाच होतो.

शेवटचाही चहाच.

मी शेलारला भावाच्या नातवाच्या बारशाला गेले होते. परतीची एसटी उशिरा आली. कोपऱ्यावर वळले, तुम्ही खांबाला धरून उभे. पायरी उतरून आला नाहीत. आणि मी, शहाणी, काय म्हणाले? "काय हो, आज पिशवी जड दिसली वाटतं?"

तुम्ही हसलात. "आलात?" म्हणालात आणि बसलात.

मी आत जाऊन चहा टाकला आणि तिथूनच बोलत राहिले. नाव काय ठेवलं, पेढे कसे होते, माझी भावजय आत्याच्या मानावरून कशी रुसली. मोठ्यानं, तिखटमीठ लावून. तुम्ही हसत नाही म्हणून आणखी तिखट लावून. कप घेऊन बाहेर आले तेव्हा तुम्ही खांबाला डोकं टेकून बसला होतात. खूप दमलेला माणूस बसतो तसे.

आपानं मागाहून सांगितलं. "मैं बोली, पायलट, तोंड उतरलंय तुझं, बैठ जा. तर वो बोला, वहिनी यायची हाय."

तुम्ही बसला असतात तर वाचला असतात का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. विचारणारही नाही. पण तुमच्याशी मी शेवटचं बोलले ते माझ्या भावजयीच्या रुसव्याबद्दल, आणि ते तुम्ही किती ऐकलंत हेही मला कळणार नाही. बारशाला नाव काय ठेवलं, तेवढं तरी ऐकलंत का हो?

तुम्ही गेल्यावर मला ते आवाज कळले. गल्लीत दिवसभर माग खडखडतात, त्यात काही ऐकू येऊ नये. तरी येतं. ओट्यावर कुणी खोकतं. बाकड्याची फळी करकरते. कुणीतरी भार या पायावरून त्या पायावर घेतं. मी हातातलं टाकून बाहेर येते. काही नसतं. परत आत येते, आणि पुन्हा. तुम्ही खरं सांगत होतात, भावजी. किनारा दिसेनासा झाला की ऐकू येतं. मीच भाकरी थापत बसले.

म्हणून रविवारी सदा आला तेव्हा मी वाद घातला नाही. ट्रंक भरली. देव पुडीत बांधून घेतले. सदानं कुलूप लावलं, ओढून पाहिलं. आपाचा निरोप आदल्या दिवशीच घेतला होता, दोघी रडून झालो होतो, पुन्हा नको म्हणून तिच्या दाराकडे न बघताच निघाले. कोपऱ्यावर आले आणि तुमच्या खांबाकडे एकदा बघावं म्हणून मागे वळले.

आपा तुमच्या ओट्यावर होती. तिचे गुडघे तुम्हांला माहीत आहेत. नमाजसुद्धा ती आता खुर्चीत बसून पढते. ती तुमच्या खांबाला हात लावून, बाकड्याशेजारी उभी होती.

"आपा, बस गं!" मी ओरडले.

"तू जा!" ती ओरडली. "मी हाय!"

सदा म्हणाला, "चल आई, गाडी सुटेल." आम्ही चालत राहिलो. सगळ्या वाटेनं माझ्या डोळ्यांपुढे ते गुडघे. स्टँडवर नाशिकची गाडी लागलेली. सदानं ट्रंक वर चढवली, मग मला हात दिला. मी एक पाय पायरीवर ठेवला, आणि मला एकदम कळलं की ती जागा हीच. इथवर परत फिरता येतं.

"सदा, ट्रंक खाली घे."

"आई, आता काय विसरलीस?"

"तू विचारलं होतंस ना, इथं तुझं कोण आहे? ती उभी आहे तिकडे. मी आल्याशिवाय बसायची नाही."

त्याला राग आला, मग रडू आलं, मग कंडक्टरनं घंटा मारली. मी त्याच्या गालावरून हात फिरवला. म्हटलं, "दिवाळीला येईन. परतीचं तिकीट काढून."

ट्रंक हमालाच्या डोक्यावर देऊन मी परत आले. कोपऱ्यावर वळताना पिशवी डाव्या हातात घेतली. आपानं पायरी उतरून ती घेतली नाही, तिला जमत नाही. पण तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "आलीस? मग मी बसते बाबा." आणि हुश्श करून बाकड्यावर बसली. जरा सरकून माझ्यासाठी जागाही केली.

मी कुलूप काढलं, देव जागेवर ठेवले, चहा आणून तिच्या हातात दिला. आणि खांबाला हात लावला. तुमच्या हाताच्या उंचीवर तो गुळगुळीत झालाय, माझा हात तिथे जेमतेम पोचतो.

आपा म्हणाली, "अगं, आता तू का उभी? आलीस ना घरी?"

"सदा बाहेर आहे. घाटात असेल आता."

"त्याला पोचायला रात होईल. आनि पोचला ते तुला कळणार कसं? कवर उभी राहशील?"

मी तुम्हांला विचारलं होतं तेच. मी हात खांबावरच ठेवला, भावजी. पश्चिमेकडचा उजेड कमी होत होता. आपानं चहा संपवला, कप बाजूला ठेवला आणि ती बाकड्यावर माझ्या शेजारी बसून राहिली.